मोकळा तुंबा

माझी लेक आणि जावई येत्या दिवाळीत पोरांना घेऊन समुद्रातल्या मोठ्या जहाजावर फिरायला निघाले आहेत. गेला महिनाभर आमच्या चंद्रपूरच्या घरात दुसरा विषय नाही. कुठल्या बंदरावर उतरायचं, उतरून पोरांना काय दाखवायचं, जहाज सुटायच्या आत परत कसं पोचायचं, आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे भर पाण्यात फोन लागेल की नाही. परवा मी मध्ये काही बोलायला गेले, तर लेक म्हणाली, "आई, तुला यातलं नाही कळायचं." राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे तिला माहीत असायला हवं होतं. मी तिला म्हटलं, तू जन्मायच्या आधी मी हे सगळं करून बसले आहे. पाण्यावरून गेले, काठाकाठाला उतरले, आणि निरोपाचा असा घोळ पाहिला की तुमच्या फोनला सात जन्मात जमणार नाही. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, मार्कंड्याच्या थोडं वर. घाटावरची सगळी घरं धीवरांची. पावसाळ्यात तळ्यातली मासोळी, पाणी उतरलं की नदीतली, आणि मधल्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी-कापणी. माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. तिला खाली प्राणहितेच्या काठावर दिली होती, सिरोंच्याच्या अंगाला, जिथे अर्धं गाव तेलुगूत बोलतं. मी सांगते ती गोष्ट पंच्याऐंशीच्या आगेमागे घडली. तेव्हा बाईच्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं.

आमच्यात नेम असा की लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. माझा बा हा नेम आपल्या सोयीने पाळायचा. बाईकडे गेला की गुपचूप चहा पिऊन यायचा आणि मायला सांगायचा नाही. माय मात्र नेमाची पक्की. अन्न तर सोडाच, तिथलं पाणीही तिला चालत नव्हतं, म्हणून ती लग्नानंतर एकदाही बाईच्या घरी गेली नव्हती. बाईच दोन-तीनदा माहेरी आली. दर वेळी मायने तिला खाऊ घालून घालून हैराण केलं आणि निघताना तिच्या पोटाकडे पाहून डोळे पुसले. त्या पाहण्याचा मला संताप यायचा.

त्या वर्षी कापणीच्या दिवसांत अहेरीच्या बाजारात सुकट विकणारी एक मावशी आमच्या घाटावर झिंगे घ्यायला आली. तिने खालची बातमी आणली. बाईची सासू मुलाला दुसरी बायको करायचं म्हणत होती. आणि म्हणताना काय म्हणत होती, तेही मावशीने जसंच्या तसं सांगितलं.

"थे म्हणते, तिच्या मायनंच आमच्या घरचं पाणी नाई घेतलं. मायलेच समजते का लेकीचं घर रिकामं हाये. मंग आमी भरलं म्हणून किती दिवस सांगू?"

मावशी गेली आणि मी मायवर तुटून पडले.

"आयकलं ना वो माय? तुह्याच नेमानं बाईचं घर बुडून राह्यलं. तू जाय, तिच्या घरी पाट मांडून बस आन् पोटभर जेव. साऱ्या गावाले दिसू दे."

"मले काऊन शिकवून राह्यली तू?" माय म्हणाली. "लोक काय म्हणतीन त्याचा मले भेव नाई. पण नेम मोडला आन् तिची कूस कायमची बंद झाली तं? मंग मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

भीतीशी वाद घालता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पण म्हणून गप्प बसणारी मी नव्हे. बाईचं घर टिकायचं असेल तर मायने तिथे जेवलंच पाहिजे, आणि मी तिला जेवायला लावणारच, असं मी त्याच वेळी मनाशी पक्कं केलं.

बाचं डोकं वेगळीकडेच चाललं. त्याला वाटलं, जावयाला नवा डोंगा दिला की सासू गप्प होईल. डोंगा म्हणजे आमची लांबट, अरुंद लाकडी होडी. गावच्या सुताराने तो बनवला, बाने स्वतः डांबर फासलं. आता डोंगा एसटीच्या टपावर चढत नाही. तो नदीनेच न्यायला हवा. आणि नदीने न्यायचाच तर आपण सगळे त्यात बसून जाऊ, जाताना काठावरच्या नातेवाइकांना भेटू, येताना बसने येऊ, असं ठरलं. ठरवलं बाने, पण बाच्या तोंडात ते शब्द मी घातले होते.

मग बेत सुरू झाले. आमच्या अंगणात राखेत काडीने नदी काढून बा एकेक घाट दाखवायचा. मार्कंड्याला देवाचं दर्शन. आष्टीच्या अलीकडे मामाच्या घाटावर मुक्काम, कारण मामी झिंग्याचं कालवण झकास करते. चपराळ्याला वर्धा येऊन मिळते आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं, तिथे संगमावर आंघोळ. त्याखाली एका घाटावर बाच्या ओळखीचे धीवर. मग बाची चुलत बहीण, मग बाई. बाला प्रत्येक ठिकाणी जेवणच आठवत होतं. मायने आपलं वेगळं गाठोडं बांधलं. स्वतःचे तांदूळ, ते शिजवायला स्वतःचं गंज, जवसाची चटणी, बाईसाठी तिळाचे लाडू.

"बाईच्या घाटावर मी डोंग्यातच बसन," ती म्हणाली. "थे खाली येईन, मी तिले डोळे भरून पाहीन. तुमी वर जाजा, जेवजा. मी नदीचं पानी पिईन. नदी काही कोणाच्या सासरची नाई."

म्हणजे सगळ्या काठांवर उतरायचं आणि ज्या काठासाठी निघालो तिथेच उतरायचं नाही. मी म्हटलं, "तू उतरशीन." माय म्हणाली, "पाहू." आमच्या घरात "पाहू" म्हणजे नाही.

राहिला निरोप. बाईला कळवायला तर हवं की आम्ही येतोय. खालून वर निरोप पाठवायचा तर नदी काही कामाची नाही, त्याला एसटीचा कंडक्टर गाठावा लागतो. पण वरून खाली निरोप नदीच नेते. आमच्या जाळ्याला वाळक्या दुधीभोपळ्याचे तुंबे बांधलेले असत, जाळं पाण्यावर धरून ठेवायला. प्रत्येक घर आपल्या तुंब्यावर तापल्या विळ्याने आपली खूण डागायचं. आमची खूण तीन उभ्या रेघा आणि एक आडवी. घाटाघाटावरचे धीवर एकमेकांच्या खुणा ओळखत. कुणाला वाहता तुंबा सापडला तर तो खूण पाहायचा आणि पुन्हा मधल्या धारेत सोडून द्यायचा, म्हणजे ज्याचा आहे त्याच्या माणसापर्यंत तो खाली पोचावा. यात एकच गोष्ट महत्त्वाची होती. तुंब्याच्या गळ्यात दोरी गाठ मारून बांधलेली असली तर खुशाली, आम्ही येतोय. दोरी नसलेला मोकळा तुंबा आला तर समजायचं, त्या घरचा डोंगा बुडाला. कारण डोंगा उलटला की जाळं तळाला जातं आणि तुंबे तुटून मोकळे वर येतात.

बा दोरीच्या गाठी मारण्यात साऱ्या घाटावर पहिला. त्याने ऐटीत तुंबा घेतला आणि अहेरीहून आणलेली नवी निळी नायलॉनची दोरी काढली. तेव्हा ती नुकतीच आमच्याकडे यायला लागली होती आणि बाला तिचं मोठं कौतुक. माय म्हणाली, सुताचीच बांध. बा म्हणाला, "तुले काय समजते? हे सडत नाई, कुजत नाई. आपल्यामागंबी राहीन." आणि आम्ही निघायच्या आधी त्याने तुंबा धारेला लावला. तुंब्याला भूक लागत नाही की मामीचं कालवण आठवत नाही, म्हणून तो आमच्या पुढे पोचणार हे नक्की होतं.

निघालो तेव्हा सकाळी नदीवर धुकं होतं. बा मागे वल्ह्यावर, मी पुढे बांबू घेऊन खडक पाहायला, मध्ये माय आपलं गाठोडं मांडीवर धरून. गाठोडं इतकं घट्ट धरलेलं, जणू मीच ते पाण्यात टाकणार होते. तो विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. मार्कंड्याला देवळात मायने काय मागितलं ते मी विचारलं नाही, मला ठाऊकच होतं. मी देवाला म्हटलं, हिला उतरव, बाकी आमचं आम्ही पाहून घेऊ. मामाच्या घाटावर मामीने खरंच झकास कालवण केलं. मी मायच्या गाठोड्यातले तांदूळ तिथल्या पोराटोरांना मुक्तहस्ते शिजवून घातले. मायने ते पाहिलं आणि फक्त म्हणाली, "संपव, संपव. उपाशी राहता येते मले." इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझी लेक म्हणते, तिने पाहिली आहे.

आष्टीजवळच्या घाटावर एकाने आमचा तुंबा पाहिला होता. "कालच गेला गा भाऊ, दोरीबिरीसकट," तो म्हणाला. बाने मिशीला पीळ दिला. संगमावर आम्ही आंघोळी केल्या, वाळूत तीन दगड मांडून भात शिजवला. दोन नद्यांचं पाणी दोन रंगांचं असतं, ते थोडा वेळ वेगवेगळं चालतं आणि मग कुठे एक झालं ते कळत नाही. तिथपर्यंत सगळं आखल्यासारखं झालं.

त्याखालच्या घाटावर दुपारी पोचलो. बायका भांडी घासत होत्या. आमचा डोंगा दिसला तशा त्या उभ्या राहिल्या आणि भांडी तिथेच टाकून वर पळाल्या. काठावर एक म्हातारा धीवर जाळं सांधत बसला होता. तो पळाला नाही, पण त्याच्या हातातलं जाळं खाली पडलं. तो बाच्या ओळखीचाच होता.

"तुमी जिते हा?" त्याने विचारलं.

बा हसला. "मंग काय मेलो? असं काऊन म्हणून राह्यला गा?"

"तुमचा तुंबा आला ना. तीन रेघा, एक आडवी. मीच हातात घेतला. दोरी नव्हती त्याले." म्हातारा अजून आमच्याकडे टक लावून पाहत होता. "आमी एक दिवस जाळं नाई टाकलं तुमच्या नावानं. मंग तुंबा देल्ला खाली सोडून. तुमची लेक हाये ना खाली, तिले समजलं पाह्यजे म्हणून."

त्याने सगळं नेमाप्रमाणे केलं होतं. आमच्या लोकांत कुणीही तेच केलं असतं. बा डोंग्यात मटकन खाली बसला. सुताची गाठ पाण्यात फुगते आणि आणखी आवळते. नायलॉन फुगत नाही, ते गुळगुळीतच राहतं, आणि धारेत हिसके बसले की गाठ हळूहळू सरकते. हे बाला तिथे बसल्या जागी कळलं आणि साऱ्या घाटावरचा पहिला गाठ मारणारा मान खाली घालून बसला.

खाली बाईच्या घाटावर मोकळा तुंबा पोचला असणार, किंवा पोचत असणार. बाईला वाटणार, माय, बा, बहीण, सगळे गेले. म्हाताऱ्याला मी विचारलं, बस कुठून मिळेल? बसचा रस्ता आत जंगलातून लांब, आणि दिवसाची एकुलती बस सकाळीच गेलेली. नदीशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

मायने मांडीवरचं गाठोडं बाजूला ठेवलं आणि दुसरं वल्हं हातात घेतलं. "उठ गा," ती बाला म्हणाली. "रडाचं थे लेकीपाशी जाऊन रड."

त्यानंतर काठावरचे सगळे बेत बारगळले. बाच्या चुलत बहिणीचा घाट आला, ती काठावर उभी राहून ओरडत होती. भुतं समजून की पाहुणे समजून, कोण जाणे. आम्ही हात हलवून पुढे निघालो. खडक आले की मी आणि बा कमरेइतक्या पाण्यात उतरून डोंगा ओढायचो. माझ्या तळहातांची सालं निघाली. पुढल्या सकाळी पुन्हा तेच. माय एका तालात वल्हं मारत होती आणि प्रत्येक फटक्याला बाला ऐकवत होती, "सुताची बांध म्हणत होती मी." बा एकदाही उलटून बोलला नाही. आमच्या घरातली ही फार दुर्मिळ गोष्ट.

ऊन वर आलं तेव्हा डावीकडे लांबलचक वाळूवरून दोन बायका आमच्याच दिशेने वर येताना दिसल्या. पुढची झपाझप चालत होती, मागची डोक्यावर बोचकं घेऊन तिच्याबरोबर राहायची धडपड करत होती. पुढची थांबली. तिने डोळ्यांवर हात धरला आणि होती तिथे वाळूत बसली. ती बाई होती.

माय डोंग्यातून तशीच उडी मारून उतरली. गुडघाभर पाण्यातून पातळ ओढत गेली आणि बाईला तिने असं धरलं की दोघींचं रडणं वेगळं ऐकू येईना. मी पण रडले. रडायची लाज मला कधीच वाटली नाही. बा काठावर उभा राहून डोंग्याची दोरी उगाच गुंडाळत होता.

मागची जवळ आली. ती बाईची सासू. घरून निघाल्यापासून तिला सुनावायचं भाषण मी मनात तयार केलं होतं, एकेक शब्द धार लावून. तिने बोचकं खाली ठेवलं, कमरेवर हात घेतले आणि माझ्या आधी तीच सुरू झाली.

"काय हो इवाईबुवा, दोरी बांधता येत नाई तं धीवर कायले म्हणवून घेता? तुंबा आला काल. सारं गाव रडलं. चूल विझवली घरची. माहा पोट्टा गेला अहेरीले, बसवाल्यायले विचाराले. हे पोट्टी काई पाण्याचा थेंब तोंडात घे ना. म्हणे, मी माह्या मायले शोधाले जातो. मी म्हणलं, चाल, मीबी येतो. जिते असन तं घरी आनू, नाई तं आपल्या हातानं माती तं देऊ."

रात्र संपायच्या आधीपासून ही म्हातारी जंगलाच्या काठाने चालत होती, तीही उपाशी. माझं धार लावलेलं भाषण तोंडातच राहिलं. जिला मी महिनाभर मनातल्या मनात झोडपत होते, ती माझ्या बहिणीच्या मागे माझ्या आईला माती द्यायला निघाली होती. माणसाचा राग कुठे ठेवावा तेच कळेनासं झालं.

सगळे डोंग्यात बसलो आणि खाली आलो. बाईचा घाट लागला. उतरताना बाने डोंगा दाखवला, नवा आहे, तुमच्यासाठी आणला. सासूने त्याकडे पाहिलंही नाही. आम्ही उतरलो. माय बसूनच राहिली.

"इहीणबाई, उतरा," सासू म्हणाली.

"मी इथीच बरी. लेकीले पाह्यलं, झालं माहं."

सासूचा चेहरा उतरला. मग चढला. "आमचं पानी गढूळ हाये का वो? इतकी वर्सं झाली. तुमच्या लेकीले कधी उपाशी ठेवलं का मी? आमच्या उंबरठ्याले एवढं काय लागून हाये का तुमचा पाय पडत नाई?"

"तसं नाई," माय म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "लेकरू नाई झालं तिले अजून. नेम मोडला आन् तिचं वाईट झालं तं?"

घाटावर माणसं जमत होती. शोक करायला आलेली माणसं, मेलेली माणसं पाहत उभी. दुसऱ्या बायकोची गोष्ट त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. माय डोंग्यातच बसून परत गेली असती, तर या सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं असतं की हिच्या मायलाही हे घर घर वाटत नाही. मग बाईचं तिथे काय राहिलं असतं? मी पाण्यात उतरले, डोंग्याचा काठ धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"माय, तू तं मेली ना काल. इथं तुह्या नावानं चूल विझली, रडणं झालं. मेलेल्या बाईले कायचा नेम वो?"

मला वाटलं, आता माय वल्हंच घालते माझ्या डोक्यात.

"पोट्टी बरोबर बोलून राह्यली," सासू म्हणाली. "ज्याच्यासाठी चूल विझली, थे जिते आले तं त्यायच्यासाठीच पेटली पाह्यजे. नाई तं अपशकुन माह्या घरात राह्यते. तुमचा नेम मोठा, मंग माह्या चुलीचा नेम काय लहान हाये?"

मायने बाईकडे पाहिलं. सुजलेल्या डोळ्यांनी ती काठावर उभी होती.

"माय," ती म्हणाली, "मले भूक लागली वो."

लहानपणी बांधीवरून आली की ती दारातून अशीच म्हणायची. माय उठली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच जोरात, आणि काठावर पाय टाकला.

बाईने चूल पेटवली. ओली लाकडं, धूर फार, पण पेटली. भात शिजला, लाखोळीच्या डाळीचं वरण झालं, अंबाडीची भाजी झाली. मायला पाट मांडला ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असा. तो मी मांडला. पळसाच्या पानांची पत्रावळ, त्यावर भात. अंगणात गाव बसलं होतं. शोकाला आलेलं माणूस जेवणाला थांबतं की नाही याचा नेम कुणाला माहीत नव्हता, म्हणून सगळेच थांबले होते. मायचा हात भातावर कितीतरी वेळ तसाच राहिला. तिचे ओठ हलत होते. देवाशी भांडत होती की देवाची माफी मागत होती, मी कधी विचारलं नाही. मग तिने घास उचलला, तोंडात घातला, चावला, गिळला.

"वरणात मीठ कमी हाये वो बाई," ती म्हणाली. "आन् वाढ अजून."

बाईने घाईने वाढलेला भात पानाबाहेर सांडला. ती काही बोलायच्या आत चुलीजवळून सासू कडाडली,

"माह्या सुनेच्या हातचं मीठ बरोबरच असते! मी रोज खातो. तुमालेच आमच्या मिठाची सवय नाई, इहीणबाई. आता आल्या का दर सालाले, मंग होईन सवय!"

साऱ्या गावासमोर ती "माझी सून" म्हणाली होती. माय खाली मान घालून जेवत राहिली. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले. संध्याकाळी अहेरीहून बाईचा नवरा पायपीट करत आला. आमच्या डोंग्याचा काही पत्ता लागत नाही, एवढंच त्याला बसवाल्यांकडून कळलं होतं. ओसरीवर माय सुपारी कातरत बसलेली पाहून तो उंबरठ्यावर धपकन बसला आणि लेकरासारखा रडला.

बाईला पुढेही मूल झालं नाही. मायची भीती खरी झाली की ते तसंच व्हायचं होतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मायने ते स्वतःशी काय ठरवलं, मला माहीत नाही. पण दुसऱ्या बायकोचा विषय त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही, आणि बाई त्या घरची मालकीण म्हणूनच म्हातारी झाली.

आम्ही परत निघालो तेव्हा सासू बसच्या थांब्यापर्यंत आली. डोंगा जावयाकडे राहिला होता. तिने बाला विचारलं, पुढच्या साली निरोप कसा धाडाल? बा तुंब्याचं नाव काढायला धजला नाही. उत्तर मायनेच दिलं, बसच्या खिडकीतून, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं.

"निरोप कायले लागते इहीणबाई? धान कापून झालं का मी येईन. जेवालेच येईन."

आणि ती जिवंत होती तोवर दर वर्षी गेली.